‘बरं शे’ म्हणणाऱ्याच्या घरी दुसऱ्यांदा कसं जायचं

जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातल्या एका गावात मी आशा कार्यकर्ती आहे. १४ वर्षं झाली. शेजारच्या गावांतल्या नव्या आशा, बचत गटाच्या बाया, कधी एखादे गुरुजी मला विचारतात, की गावात लोकांच्या मनासाठी काही करायचं तर सुरुवात कुठून करायची? शिबिर घ्यावं का, बॅनर लावावा का? मी म्हणते, बॅनर नंतर बघू. आधी एक वही घ्या आणि कोणाकडे दुसऱ्यांदा जायचं आहे ते तारखेसह लिहा. असं का म्हणते, ते सांगते.

आमच्या गल्लीतले एक जिभाऊ. घडावर आलेली त्यांची केळीची ३ हजार खोडं जूनच्या वादळात एका रात्रीत आडवी झाली. आठवडाभराने मी सीबॅक फॉर्म, म्हणजे घरोघरी तब्येतीची चौकशी करायचा फॉर्म, भरायला त्यांच्याकडे गेले. त्या फॉर्मात शेवटी मनाचे दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही, आनंद वाटला नाही, असं किती दिवस झालं? आणि मन उदास, निराश किती दिवस होतं? एकदाही नाही तर ०, काही दिवस तर १, निम्म्याहून जास्त दिवस तर २, जवळपास रोज तर ३. दोन्हींची बेरीज ३ च्या वर गेली की उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमकडे पाठवायचं. मी ओट्यावर बसून विचारलं. शेजारी त्यांची आई, दारात सून, समोर विम्याच्या पंचनाम्याची चर्चा करत बसलेले दोघं. जिभाऊ म्हणाले, “बरं शे.” अहिराणीत, बरं आहे. मी दोन शून्यं लिहिली आणि पुढच्या घरी गेले. तीन आठवड्यांनी रात्री त्यांना उपजिल्हा रुग्णालयात न्यावं लागलं. ते वाचले. ती दोन शून्यं मात्र माझ्या अक्षरातली आहेत, ती मी विसरलेले नाही.

पहिल्यांदा विचारल्यावर खान्देशातला माणूस ‘बरं शे’च म्हणतो. पाहुणा आला की आधी चहा, तसंच हे. म्हणून पहिली भेट फक्त ओळखीची धरायची. खरं ऐकायला दुसऱ्यांदा जायचं, आणि तेही एकट्याने, त्या माणसाच्या सवडीने.

कुठे बसायचं

बायांसाठी वेगळी बैठक भरवू नका. ‘मानसिक आरोग्य’ म्हटलं की निम्म्या बाया घरीच राहतात. आपल्याला वेडं ठरवतील, ही भीती. त्या आधीच जिथे बसतात तिथे जा. चैत्र-वैशाखात बिबड्या, कुरडया करायला गल्लीतल्या सगळ्या एकत्र येतात. पहाटेपासून पीठ घाटायचं, ऊन चढायच्या आत खाटांवर घालायचं. हात कामात असले की तोंड मोकळं होतं, कारण समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. मी तिथे लाटीला बसते आणि अर्धा तास काहीच विचारत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर बसतात, तेव्हाही असंच. सासरचं जे आईला सांगता येत नाही ते झोक्यावर निघतं. एखादी पोर आली असूनही झोक्याजवळ फिरकत नसेल, तर तिचं नाव वहीत.

पुरुषांचं अवघड. ते बसतात दूध डेअरीवर, पारावर, कटिंगच्या दुकानात. मी बाई, तिथे जाऊन मनाचं विचारू शकत नाही. म्हणून डेअरीवर दूध मोजणारे एक अण्णा आणि कटिंगवाला दादा, या दोघांना मी सोबत घेतलं. त्यांना एवढंच सांगितलंय, की नेहमीचा माणूस चार दिवस दिसला नाही, किंवा येऊन न बोलता जायला लागला, तर मला सांगा. बाकी चौकशी करू नका. अण्णांनी वर्षभरात मला पाच नावं सांगितली. एकही फुकट गेलं नाही.

सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर माझं अहिराणी चालत नाही. तिथे पावरी, म्हणजे तिथल्या आदिवासींची बोली, बोलणारी एक मदतनीस ताई सोबत नेते. प्रश्न तीच विचारते, मी गप्प बसते. आणि ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परत आली की लगेच पहिल्या आठवड्यात नका जाऊ. उचल किती फिटली याचा हिशेब घरात चालू असतो. तो मिटू द्या, मग जा.

काय विचारायचं

‘नैराश्य’ हा शब्द आमच्याकडे कोणी वापरत नाही. लोक म्हणतात डोकं जड, जीव घाबरास, छातीत धडधड, अंग मोडून येतं, गॅस झालाय. दर आठवड्याला डोकेदुखीची गोळी मागणाऱ्या बाईला मी आता गोळीसोबत विचारते, “झोप लागस का? कामात मन लागस का?” ‘नही’ आलं की मग विचारते, “कधीपासून?” हा ‘कधीपासून’ फार महत्त्वाचा. दोन-चार दिवसांचं असेल तर ते दुःख आहे, त्याला सोबत पुरते. दोन आठवड्यांच्या वर गेलं आणि जेवण, झोप, काम तिन्ही बिघडलं, तर उपकेंद्र गाठायचं.

झोपेचं विचारताना एक ध्यानात ठेवा. रात्रीची लाईट असली की शेतकरी पाणी भरायला जातो, त्याची झोप तशीच मोडते. म्हणून विचारायचं, “लाईट दिवसाची असते त्या हप्त्यात तरी लागते का?”

ऐकताना सल्ला देऊ नका. “इतकं काय मनाला लावून घेतो”, “लोकांचं याहून वाईट झालंय”, “पोरांकडे बघ” ही वाक्यं मीही वर्षानुवर्षं बोलले. ती ऐकली की माणूस मान हलवतो आणि बंद होतो. आता मी दोनच वाक्यं वापरते, “मग काय झालं?” आणि “हे एकट्याने ओढत होतास?” मधली शांतता भरायची घाई करू नका. जिभाऊंकडे दुसऱ्यांदा गेले तेव्हा ते पाच-सात मिनिटं नुसतं समोरच्या गोठ्याकडे बघत होते. मग बोलायला लागले ते अंधार पडेपर्यंत.

आपण डॉक्टर नाही, तर हे करावं का, असं पुष्कळ जणी विचारतात. करावं, पण शिकून करावं. नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ नावाच्या कामात गावातल्याच साध्या माणसांना ऐकायचं आणि छोटी मदत करायचं शिक्षण दिलं होतं. गोव्यात डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी उदास माणसांसोबत सहा ते आठ भेटी घेतल्या आणि फरक पडला. त्यातलं मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हे, की मन ताळ्यावर यायची वाट बघत बसायचं नाही, आधी एक लहान काम परत सुरू करायचं. जिभाऊंनी डेअरीवर जाणं सोडलं होतं, पोरगाच दूध नेई. आम्ही ठरवलं, सकाळची किटली त्यांनीच न्यायची. शेतात जायचं नाही, बँकेत जायचं नाही, फक्त किटली. पहिले चार दिवस त्यांनी नेली नाही. पाचव्या दिवशी नेली. अण्णांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, की केळीचं काढू नका, फॅट किती लागलं तेवढंच बोला.

जीव नकोसा झालाय का, हे सरळ विचारा

हा प्रश्न विचारायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. वाटायचं, आपण विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं येईल. तसं होत नाही. विचारल्याने माणसाला उलट हलकं वाटतं, कारण तो ते एकटाच उराशी धरून बसलेला असतो. एकांतात, हळू आवाजात, पण आडवळण न घेता विचारा, “आता जगू नये असं मनात येतं का?” ‘हो’ म्हणाला तर दचकू नका, रागावू नका, शपथा घालू नका. “कोणाला सांगणार नाही” असं वचन मात्र देऊ नका. मी म्हणते, “गावात सांगणार नाही, पण तुला एकटं सोडणार नाही, घरातल्या एकाला सांगू. कोणाला सांगू ते तू ठरव.”

मग त्या दिवशी त्याच्यासोबत कोणीतरी राहिलंच पाहिजे. फवारणीची औषधं घरातून हलवायची, भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या ताब्यात द्यायची. एरवीही माझं सगळ्यांना हेच सांगणं असतं, की औषध फवारणीपुरतंच आणा, उरलेलं घरात साठवू नका. वाईट घडी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेत सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी आणली तेव्हा आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. आपल्या गावाला बंदी आणता येत नाही, कपाट रिकामं ठेवता येतं.

त्याच्याशेजारी बसून तुमच्याच फोनवरून १४४१६ लावा. हे टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. फोन लावून त्याच्या हातात द्या आणि तुम्ही दोन पावलं लांब बसा, उठून जाऊ नका. काही करून घेतलं असेल किंवा करायच्या बेतात असेल, तर फोनवर बोलत बसायचं नाही. १०८ ची गाडी बोलवायची आणि दवाखाना गाठायचा.

घरचे तेव्हा पोलिसांना घाबरतात. जिभाऊंच्या घरी हाच गोंधळ झाला होता, अर्धा तास ‘केस होईल’ म्हणून कोणी गाडी काढेना. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं ११५ वं कलम सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही. हे मी आता ग्रामसभेत मोठ्याने सांगते. बाकी या विषयात ग्रामसभेत मी फार बोलत नाही.

दवाखाना, गोळी आणि भगत

तालुक्याला मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या वारी येतात ते आधी फोनवर विचारून ठेवा. एकदा मी एका वहिनीला चुकीच्या वारी नेलं. परतताना ती म्हणाली, “माझ्या नशिबातच नाही,” आणि पुढे दोन महिने यायला तयार झाली नाही. जळगावला सिव्हिलला जायचं तर सकाळची पहिली एसटी धरा. बाईला तिकीट अर्धं आहे, ७५ वर्षांवरच्यांना फुकट, त्यामुळे सोबत सासूबाईही येऊ शकतात. डॉक्टरांपुढे माणूस पुन्हा ‘बरं शे’ म्हणतो. म्हणून बसमध्येच त्याच्याकडून चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: झोप, भूक, काम, मनातले विचार. तो कागद पुढे करायचा.

गोळ्या सुरू झाल्यावर आठव्या दिवशी जा. हा दिवस मी कधी चुकवत नाही. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मात्र कोणाला मळमळतं, कोणाला गुंगी येते. म्हणजे त्रास आधी, आराम नंतर. आठव्या दिवशी कोणी गेलं नाही तर पुडी देवळीत पडते. मी सांगते, “हे होणारच होतं, डॉक्टरांना विचारू, पण स्वतःहून बंद करू नको.” बरं वाटल्यावरही तेच, एकदम सोडायच्या नाहीत.

भगताकडे जाणाऱ्यांशी मी भांडत नाही. एकदा भांडले, तर ते घर मला बंद झालं. आता म्हणते, अंगारा लावा, गोळीही घ्या. मारहाण, चटके, उपाशी ठेवणं, साखळी यांतलं काही दिसलं तर मात्र गप्प बसत नाही. ते २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि तसं मी तोंडावर सांगते.

गंधमुक्ती झाल्यावर

घरात कोणी गेलं की बारा-तेरा दिवस दार माणसांनी भरलेलं असतं. सुतक फिटलं, गंधमुक्ती झाली की सगळे आपापल्या गावी. खरं रिकामपण त्यानंतर सुरू होतं, म्हणून मी विसाव्या दिवशी जाते, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. गेलेल्याचं नाव घ्यायला कचरू नका. “भाऊंना भरीत आवडायचं ना?” म्हटलं की ती बाई रडते आणि मग बोलते. श्रावणात कानबाई या देवीच्या सणाला भाऊबंद रोटाच्या नैवेद्याला जमतात, तेव्हा विधवा बाई मागच्या खोलीत बसते. आमच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या आईने, घरातल्या सगळ्यांत वडील बाईने, तिचा हात धरून तिला पुढे आणून बसवलं. कोणी काही बोललं नाही. हे काम आशाने करून होत नाही, त्या मोठ्या आईनेच करावं लागतं. अशा बाया तुमच्याही गावात आहेत, त्यांना आधी भेटून ठेवा.

वहीबद्दल थोडं. तिच्यात मी नाव लिहीत नाही, घराची खूण लिहिते, ‘निंबाजवळचं’, ‘हिरवं दार’. वही अंगणवाडीत ठेवत नाही. व्हॉट्सअॅपवर कोणाचाही विषय नाही, ‘प्रार्थना करा’ म्हणूनसुद्धा नाही. एकदा बाहेर गेलेली गोष्ट परत आत येत नाही, आणि मग कोणीच दार उघडत नाही.

हे सगळं ऐकून रात्री माझीही झोप उडते. पहिली काही वर्षं मी ते कोणाला सांगितलं नाही. आता पलीकडच्या गावची आशा आणि मी महिन्यातून दोनदा, शुक्रवारी, तिच्या उपकेंद्राच्या पायरीवर बसतो. नावं घेत नाही, फक्त आपल्याला काय झालं ते बोलतो. मागच्या वेळी तिने विचारलं, “कशी शे?” मी म्हटलं, “बरं शे.” ती उठली नाही. तिने थर्मासमधून अजून अर्धा कप चहा ओतला आणि परत विचारलं.