गोव्यात गवंडीकाम शिकायचं असेल तर

मोठ्या इमारतींच्या साइटवर काम मिळतं ते ठेकेदाराच्या टोळीला. तिथे एक जण दिवसभर ब्लॉक लावतो, दुसरा प्लास्टर मारतो, आणि वर्षं गेली तरी एकाचं काम दुसऱ्याला येत नाही. म्हणून पेडणे, डिचोली, सत्तरीकडची मुलं गवंडीकाम कुठे शिकू असं विचारतात, तेव्हा मी त्यांना घरगुती कामं करणाऱ्या मेस्त्रीकडे जायला सांगतो. जुन्या घराला मागच्या बाजूने एक खोली काढायची, न्हाणीघर आत घ्यायचं, बागेभोवती कंपाउंड घालायचं. अशी कामं लहान असतात, पण पायापासून वरच्या टोपीपर्यंत सगळं तुमच्या डोळ्यांदेखत होतं.

या कामात सगळ्यात आधी आणि सगळ्यात शेवटपर्यंत शिकायचं ते पाण्याचं वागणं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, आहे की नाही हे मालक त्याच संध्याकाळी बघतो. ती पाणी कुठून आत घेते हे पहिल्या पावसाळ्यात कळतं. चांगला गवंडी ते बांधतानाच ओळखतो.

सामानापासून सुरुवात करू. आपल्याकडे भिंत चिऱ्याची, म्हणजे तासलेल्या जांभ्या दगडाची, नाहीतर सिमेंटच्या ब्लॉकची. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, तेव्हाच तो तासायला सोपा. हवा लागली की कडक होत जातो, म्हणून ताजा चिरा लगेच भिंतीत घालू नका, काही आठवडे तरी रचून ठेवा. निवडताना ठोकून बघा: चांगला चिरा टणक आवाज देतो. पांढऱ्या-पिवळ्या मातीचे गोळे अडकलेला चिरा बाजूला काढा, कारण पावसात ती माती धुऊन जाते आणि भोकं राहतात.

ब्लॉक १६ इंच लांब आणि ८ इंच उंच असतो, जाडी ४, ६ किंवा ८ इंच. १०० चौरस फुटांना साधारण ११० ब्लॉक लागतात, तूटफूट धरून थोडे जास्त मागवा. ब्लॉक किमान १४ दिवस पाणी मारून पिकवलेला आणि त्यानंतर चार आठवडे वाळलेला हवा. ओला ब्लॉक भिंतीत गेला की तो नंतर वाळताना आकसतो आणि प्लास्टरला भेगा पडतात. इथे नवी मुलं गोंधळतात, कारण वीट लावण्याआधी पाण्यात भिजवायची असते. ब्लॉक मात्र भिजवायचा नाही. फार ऊन असेल तर वरून हलकासा शिंपडा, बस्स. चिऱ्याला पाणी मारून घ्यायचं, नाहीतर तो मालातलं, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-रेतीतलं, पाणी शोषून घेतो.

रेतीकडे बघायला तर शिकलंच पाहिजे. काचेच्या बरणीत रेती आणि पाणी घालून हलवा, तासभर ठेवा. वर साचलेला गाळ रेतीच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त दिसला तर ती रेती धुऊन घ्या किंवा परत पाठवा. खाडीच्या तोंडाजवळची खारी रेती कितीही स्वस्त मिळाली तरी नको. तिच्यातलं मीठ सळीला गंजवतं आणि भिंतीवर पांढरी फुलं आणतं. अजून एक गोष्ट फार कमी मेस्त्री सांगतात: दमट रेती फुगते, कधीकधी पाव पटीने. त्यामुळे ओली रेती घमेल्याने मोजली तर प्रत्यक्षात रेती कमी पडते आणि प्रमाण बिघडतं. सिमेंटची ५० किलोची पिशवी म्हणजे ३५ लिटर. तेवढ्या मापाचा लाकडी फर्मा करून घ्या आणि भिंतीच्या कामाला एका पिशवीला सहा फर्मे रेती धरा. माल अर्ध्या तासात संपेल इतकाच कालवा. आवळू लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरणारा मेस्त्री दिसला, तर त्याच्याकडे शिकू नका.

सुरुवातीला तुम्हाला माल कालवायला आणि ब्लॉक उचलायलाच ठेवतील. त्याचा कंटाळा करू नका, मालात पाणी किती हवं हे त्या काळातच हाताला कळतं. थापी हातात आली की पहिला थर नुसता कोरडा मांडून बघा, मग कोपरे चढवा, दोरी ताणा आणि मधलं भरा. सांधा १० मिलिमीटरचा. वरच्या थराचा उभा सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये. आणि तो उभा सांधा मालाने पूर्ण भरा. घाईत तो वरवर लिंपला जातो, आणि पाऊस भिंतीत शिरतो तो बहुधा तिथूनच. एका दिवसात एक मीटरपेक्षा जास्त उंची चढवायची नाही, मालक कितीही घाई करो. नंतर किमान सात दिवस पाणी.

आता जुन्या घराला नवी खोली जोडायचं काम. इथे गवंड्याची खरी परीक्षा होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गावातली जुनी घरं जाड चिऱ्यांची, मातीच्या मालात बांधलेली, वर चुन्याचा गिलावा. त्यांचा पाया कित्येक दशकांपूर्वी बसून स्थिर झालाय. तुमचा नवा पाया पहिल्या एकदोन पावसाळ्यांत थोडा तरी बसणार. जुन्या भिंतीत दात पाडून नवे ब्लॉक त्यात घट्ट गुंतवले, तर नवी भिंत खाली बसताना जुनीला ओढते आणि जोडावर तिरकी भेग जाते. मी अशा ठिकाणी दोन्ही भिंतींत सरळ उभी फट सोडतो, दर दोन-तीन थरांना स्टेनलेस स्टीलची पट्टी घालतो आणि फटीत दबणारा बोर्ड घालून बाहेरून सीलंट भरतो. जोड दिसतो म्हणून मालक कधी कुरकुरतो. त्याला कारण समजावून सांगायचं, ते आपलं कामच आहे.

पाया खणताना जुन्या पायाच्या तळाखाली जायचं नाही. जावंच लागलं तर इंजिनिअरला बोलवा, आणि तरीही एकदम लांब चर न खणता थोडं खणून, भरून, मगच पुढचा तुकडा घ्या. भर पावसात तर हे काम हातीच घेऊ नका. जुन्या कौलांच्या पागोळ्या नव्या स्लॅबवर पडणार असतील, तर ते पाणी कुठे जाईल हे भिंत चढण्याआधी ठरवा, आणि स्लॅब जुन्या भिंतीला भिडतो तिथे पत्र्याची पट्टी बसवा. ओल अडवणारा थर जमिनीपासून किमान १५० मिलिमीटर वर हवा. मातीच्या मालातल्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. आतली ओल कोंडते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. तिथे चुनाच लागतो, आणि चुन्याचं काम येणारी माणसं आता कमी उरलीत. तुमच्या गावात असं कुणी म्हातारं माणूस असेल तर आधी त्यांच्याकडे जाऊन बसा.

कंपाउंडचं काम सोपं वाटतं, पण पडलेल्या भिंती मी सगळ्यात जास्त तिथेच बघितल्यात. आपली जमीन उताराची. भिंतीच्या एका बाजूला माती उंच असेल, तर ती कुंपणाची भिंत राहत नाही, तिला माती पेलायची असते. पावसात भिजलेली माती आणि तिच्यामागे तुंबलेलं पाणी साध्या ब्लॉकच्या भिंतीला सहज ढकलून देतं. तिची रचना इंजिनिअरने करून द्यायला हवी. पाणी बाहेर पडायला ठरावीक अंतरावर उताराचे पाइप टाकायचे आणि त्यांच्यामागे खडी भरायची, नाहीतर ते मातीने बुजतात. उतारावर पाया पायऱ्यापायऱ्यांनी घ्या, साधारण तीन मीटरवर खांब, आणि लांब भिंत असेल तर मध्ये मोकळे सांधे. वरच्या टोपीला उतार द्या आणि कडेला खालून खाच पाडा, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता थेंबथेंब खाली पडेल. जुना गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेलं कुंपण, काढून त्या जागी पक्की भिंत घालताना व्हाळाची (ओढ्याची) वाट बंद होत नाही ना, हे आवर्जून बघा. गडग्याच्या दगडांतून पाणी निघून जायचं, तुमच्या भिंतीतून जाणार नाही.

कागदांबद्दल थोडक्यात. गावात वाढीव खोलीलाच काय, कंपाउंडलाही पंचायतीचा परवाना लागतो. तो हातात आल्याशिवाय थापी उचलू नका. परवाना काढायचं काम मालकाचं असलं, तरी काम अडलं तर रोज बुडतो तो तुमचा.

हंगाम ऑक्टोबर ते मे. चतुर्थीच्या आधी सगळ्यांना खोली तयार हवी असते आणि मे महिन्यात एकदम गर्दी होते, तेव्हा झेपेल तेवढंच काम घ्या. रोजावर की मोजमापावर हे पहिल्याच दिवशी ठरवून लिहून ठेवा, आणि मोजमापात दार-खिडकीची जागा वजा करायची की नाही तेही लिहा.

आयटीआयमध्ये गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, आठवी पास मुलाला प्रवेश मिळतो. नकाशा वाचणं आणि मोजमाप तिथे नीट शिकवतात, म्हणून जवळच्या आयटीआयमध्ये तो चालू आहे का ते आधी विचारा. कामाला लागल्यावर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव नोंदवा. १८ ते ६० वय आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचं काम, एवढी अट आहे. त्यासाठी केलेल्या कामाच्या तारखा पहिल्या दिवसापासून वहीत लिहीत चला.

आणि अंगाची काळजी घ्या. आठ इंची भरीव ब्लॉक तीस किलोच्या वर भरतो, तो कमरेतून वाकून नव्हे तर गुडघ्यात वाकून उचला. ओलं सिमेंट कातडी जाळतं, गमबूट आणि हातमोजे मागून घ्या. कटरने ब्लॉक कापताना पाणी मारून कापा आणि तोंडाला चांगला मास्क लावा. ती धूळ फुप्फुसात बसली की परत निघत नाही.