रस्त्यात कोणी देणगी मागितल्यास
गजबजलेल्या चौकात गळ्यात ओळखपत्र अडकवून देणगी मागणारी व्यक्ती पुष्कळदा संस्थेची स्वयंसेवक नसून निधी गोळा करण्यासाठी नेमलेल्या कंपनीची पगारी कर्मचारी असते आणि तिला सुटे पैसे नव्हे, तर आपल्या खात्यातून दरमहा आपोआप रक्कम वळती करण्यास आपली संमती हवी असते. म्हणून उभ्या उभ्या बँक खात्याचा वा कार्डाचा तपशील देऊ नये. संस्थेचे नाव व नोंदणी क्रमांक टिपून घ्यावा, घरी पडताळावा आणि पटल्यास थेट संस्थेकडेच रक्कम पाठवावी. द्यायचे नसल्यास न थांबता, पण सौजन्याने, ‘नको, धन्यवाद’ एवढेच म्हणावे. कारणे सांगू लागले की संभाषण लांबते, कारण त्यांतील बहुतेकांची उत्तरे समोरच्याला आधीच शिकवलेली असतात.