मोडलेली शिस्त परत बसवताना या चुका टाळा

पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिका चालवणाऱ्या माणसाला स्पर्धा परीक्षांचा अभ्यासक्रम कळो वा न कळो, मुलांचा अभ्यास कसा मोडतो हे मात्र नेमके कळू लागते. पूर्व परीक्षेच्या निकालात आपला क्रमांक सापडत नाही आणि पुढचे दोन-तीन महिने पुस्तकात मन लागत नाही, इथवर सारे स्वाभाविकच आहे. मी लिहितो आहे ते त्यानंतरच्या चुकांबद्दल, म्हणजे विस्कटलेली घडी पुन्हा बसवायला निघालेली मुले ज्या चुका दर वर्षी त्याच निष्ठेने करतात त्यांच्याबद्दल.

पहिली आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मुहूर्त पाहून केलेली भव्य सुरुवात. आमच्याकडे एक मुलगा होता, तल्लख, एकदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलेला. गुढीपाडव्याला त्याने टेबलासमोर चार रंगांतले वेळापत्रक चिकटवले. पहाटे चार ते रात्री अकरा, जेवणाला वीस मिनिटे, आणि कुठेही श्वास घ्यायला जागा नाही. दोन दिवस ते चालले. तिसऱ्या दिवशी मेसचा डबा उशिरा आला आणि इतिहासाचा तास बुडाला, तो भरून काढण्यासाठी रात्री जागरण झाले, जागरणामुळे पहाट हुकली, आणि दुपारपर्यंत ‘हा आठवडा तर गेलाच’ असे ठरवून स्वारी फोन घेऊन जिन्यात जाऊन बसली. सोमवारी नवे कार्डशीट, नवे रंग. उन्हाळाभर हाच प्रकार चालला आणि त्याच्या कप्प्यात पुस्तकांपेक्षा कार्डशीटच्या सुरळ्याच जास्त झाल्या. बुडालेले तास टपरीवरच्या उधारीसारखे पुढे ढकलत नेले की एक दिवस असा येतो की माणूस ती टपरीच टाळू लागतो, हे त्याला सांगून पटेना.

शेवटी मी त्याला म्हटले, की भिंतीवर काही लावू नकोस, फक्त सकाळी सात ते नऊ राज्यव्यवस्था वाच आणि नवानंतर काय करतोस ते मी विचारणार नाही. त्याला हा अपमान वाटला. “काका, दोन तासांत कोणी अधिकारी झालंय का?” असे त्याने मला सगळ्यांदेखत विचारले. कोणी झालेले नाही, हे खरेच आहे. परंतु दिवसाचे शून्य तास भरणाऱ्याला दोन तास ही प्रगती असते, आणि ते दोन तास अंगवळणी पडल्यावर त्याने दुपारची बैठक स्वतःहून जोडली. बुडालेला तास भरून काढायचा नाही, दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी बसायचे, एवढा एकच नियम मी त्याला घातला होता.

या घाईच्या मुळाशी बऱ्याचदा एकवीस दिवसांत सवय लागते ही समजूत असते. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० साली असे नोंदवले होते, की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ पुढे गळून गेला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयी प्रत्यक्ष कशा रुळतात ते तपासले, तेव्हा सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले, माणसागणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नव्हते. बाविसाव्या दिवशी ‘माझ्यात जिद्दच नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

दुसरी चूक ‘फोन अभ्यासासाठीच आहे’ या वाक्यापासून सुरू होते. टेलिग्रामवर चालू घडामोडींची पीडीएफ उतरवायला गेलेला मुलगा अर्ध्या तासाने क्रिकेटच्या रीलमध्ये सापडतो, आणि यात त्याच्या चारित्र्याचा दोष मी मानत नाही. पान कधी संपूच नये अशी रचना एझा रास्किन यांनी २००६ साली केली आणि पुढे त्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. संपण्याची जागाच नसेल, तर माणूस थांबणार कुठे? शिवाय फोन खाली ठेवला तरी मन लगेच परत येत नाही, आधीच्या कामाचा काही अंश रेंगाळत राहतो. मजकूर पाहून झाला, आता वाचायला बसलो, असे आपल्याला वाटते आणि पहिली दोन पाने डोळ्यांखालून नुसती सरकतात.

यावर माझा उपाय साधा आहे. फोन माझ्या काउंटरच्या खणात ठेवायचा आणि बैठक संपल्यावर घ्यायचा. खिशात बंद करून ठेवलेला फोन मी मोजत नाही. वाचताना काही शोधावेसे वाटले तर ते चिठ्ठीवर लिहायचे. संध्याकाळी ती चिठ्ठी पाहिली, की निम्मे प्रश्न तितके निकडीचे नव्हते हे आपोआप दिसते. व्याख्याने पाहायचीच असतील तर यूट्यूबचा पाहण्याचा इतिहास पुसून बंद करावा, मग मुखपृष्ठावर शिफारशी येत नाहीत आणि हवे ते नाव टाकूनच शोधावे लागते. फोनला कुलूप लावणाऱ्या ॲपविषयी माझे मत चांगले नाही. योग्य ॲप निवडण्यात मुलांची अख्खी दुपार गेलेली मी पाहिली आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. प्रेरणादायी भाषणे ऐकून अभ्यासाला बसू नये, कारण ती ऐकून दुसरे भाषण ऐकावेसे वाटते. अभ्यासिकेत घालवलेले तास आणि अभ्यासाचे तास एकाच रकान्यात लिहू नयेत. चहाला पाच जणांनी एकत्र उठू नये.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, नऊ पेपर आणि १७५० गुण. त्यामुळे सलग तीन तास बसून हाताने लिहिता येणे ही वेगळी तयारी झाली आहे, आणि ती एखाद्या क्रॅश कोर्समध्ये विकत मिळत नाही. सकाळी आल्या आल्या, काहीही वाचण्याआधी, एक उत्तर कागदावर लिहून काढावे असे मी सगळ्यांना सांगतो. ते वाईट झाले तरी चालेल, पण अर्धवट सोडू नये.

एक चूक मात्र मुलांपेक्षा त्यांच्या घरचेच अधिक करतात. कित्येक आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, आवडीच्या गोष्टींतही मन रमत नाही, अशा स्थितीला आळस म्हणून शिस्तीचे उपाय करणे चुकीचे आहे. तिथे वेळापत्रक उपयोगाचे नाही, डॉक्टरांकडे जावे, किंवा निदान टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. तिथे चोवीस तास विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतही. असा विद्यार्थी गावी जातो तेव्हा मी त्याची जागा दुसऱ्याला देत नाही आणि त्या महिन्यांची फीही लावत नाही.