घरच्या विमानाची टाकी बांधताना

विमान बांधायला घेतलेला नवखा माणूस आधी विचारतो, टाकी किती लिटरची ठेवू? मीही तेच विचारलं होतं. आमचं आरव्ही-7, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायचं छोटं विमान, पंखात दोन टाक्या, मिळून 42 गॅलन, म्हणजे साधारण 159 लिटर. आकडा नकाशातच होता. विचार करायला हवा होता तो भलत्याच गोष्टींचा.

पहिली गोष्ट कॉकची, म्हणजे कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचं ते ठरवणाऱ्या तोटीची. 12 ऑक्टोबर 1997 ला गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात माँटेरेच्या उपसागरात कोसळला. विमान घरी बांधलेलं लाँग-ईझी, बांधणारा दुसराच. मूळ नकाशात टाकी बदलायचा कॉक वैमानिकाच्या पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला. पेट्रोलच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत म्हणून, म्हणजे हेतू चांगलाच! पण फिरवायचा तर अंग पिळून मागे वळावं लागे, आणि वळताना उजवा पाय शेपटीचं सुकाणू फिरवणाऱ्या पेडलवर दाबला जाई, म्हणजे विमानच भलतीकडे वळे. मी हे वाचलं त्या रात्री खुर्चीत पट्टा बांधून, डोळे मिटून कॉक चाचपत बसलो. तुम्हीही बसा.

खाली पंख असलेल्या विमानात त्या कॉकला ‘दोन्ही’ अशी जागा ठेवू नका. एक टाकी रिकामी झाली की पंप तिच्यातून हवाच ओढतो, दुसरी भरलेली असली तरी.

दुसरी गोष्ट हवेची. पेट्रोल बाहेर पडतं तेवढी हवा आत यायला हवी. ती जिथून येते त्या व्हेंटच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं की इंजिन उपाशी. तोंडाशी जाळी लावा आणि उड्डाणाआधी ती बघत जा.

मग प्रवाह मोजायचा. आमच्यासारख्या घरी बांधलेल्या, ‘प्रायोगिक’ वर्गातल्या विमानांवर बंधन नाही, पण प्रमाणित विमानांचा जुना नियम मी पाळला: इंजिन पूर्ण ताकदीवर तासाला 50 लिटर पीत असेल, तर पंपाने 62-63 लिटर यायला हवं. पंख वर असून नुसत्या उताराने येत असेल, तर 75. हे नाक वर करून मोजायचं. सपाट जमिनीवरचा आकडा चढताना कामाचा नाही.

टाकीचे सांधे बुजवायच्या सीलंटचं काय सांगू. सडक्या अंड्यांचा वास, दोन हातमोजे एकावर एक, तरी केसांत लागतं. घरात महिनाभर मला वेगळा टॉवेल होता. टाकी तपासायला नळीच्या तोंडावर फुगा लावतात. कॉम्प्रेसर लावू नका, जरा जास्त दाबाने टाकी फुगून वाया जाते. माझा फुगा सकाळी मलूल पडलेला. गळती शोधत साबणाचं पाणी लावत बसलो, एकही बुडबुडा नाही. दुपारी गॅरेज तापलं आणि फुगा आपोआप ताठ! रात्रीच्या गारठ्याने हवा आकसली होती, इतकंच.

खरी गळती निघाली ती पुढच्या वर्षी. विमानाचं पेट्रोल निळं रंगवलेलं असतं, आणि डाव्या पंखाखाली पत्रे जोडणाऱ्या एका रिव्हेटभोवती नाण्याएवढा निळा डाग उमटला होता. टाकी उतरवली.