ईस्टरच्या पहाटे कबरीजवळची उपासना

कोल्हापुरात १८५२ साली आलेल्या वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्यापासून रुजलेल्या ख्रिस्ती मंडळीत ईस्टरच्या पहाटे आप्तांच्या कबरीजवळ उपासना करावयाची असल्यास आदल्या दिवशीच तण काढून दगड ओल्या फडक्याने पुसावा. अंधारात अक्षरे सापडत नाहीत. मेणबत्ती लावावी, मात्र ती मृताला अर्पण नव्हे (शेजाऱ्यांना हे हमखास सांगावे लागते), तर ख्रिस्त उठला याची साक्ष होय. वाचनास बायबलातील करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय घ्यावा, कारण तेथे प्रेषित पौल पेरलेल्या दाण्याच्या उपमेने नाशवंत शरीर अविनाशी होऊन उठते हे समजावतो, आणि भात पेरणाऱ्या आपल्या मुलखाला ती उपमा वेगळी शिकवावी लागत नाही. लेकरे पेंगत असल्यास ५८ वचनांपैकी ३५ ते ४४ पुरेत. गीत सर्वांना पाठ असलेलेच निवडावे.