बोंबील कुरकुरीत हवा, तर आधी पाणी काढा

बोंबील तव्यावर बिघडत नाही, तो तव्यावर जाण्याआधीच बिघडलेला असतो. लग्न होऊन माहीमला आले तेव्हा सासूबाईंनी मला सगळ्यात आधी हेच शिकवलं. मसाला कोणता, तेल कोणतं, हे सगळं नंतर. बोंबलाच्या अंगात पाणी फार. ते काढलं नाही तर रवा लावा, पीठ लावा, अंडं फोडा, तव्यावर त्याचा लगदाच होणार.

सुरुवात बाजारात होते. आम्ही सिटीलाइटच्या गोपी टँक मार्केटमध्ये जातो. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी गर्दी असते, पण माल फिरताही तेव्हाच असतो, म्हणून मी गर्दीतच जाते. ताजा बोंबील काचेसारखा चमकतो, तोंडाजवळ गुलाबी झाक असते आणि हातात धरला की मऊ असला तरी आकार सोडत नाही. पांढराफट किंवा पिवळट पडलेला, पोट फुटलेला, नाकाला झोंबणारा वास येणारा वाटा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. हा मासा लवकर उतरतो, सकाळी बरा असलेला संध्याकाळी बरा असेलच असं नाही. एकाच कोळणीकडे नेमाने जात राहा. माझी कोळीण मावशी सरळ सांगते, "ताई, आज बोंबील नको, मांदेली ने." असं सांगणारी माणसं जपावीत.

तळायला मध्यम आकाराचे घ्या. फार मोठे तव्यावर उलटताना तुटतात, लहान कालवणाला बरे. साफ करून घेताना डोकं, शेपूट आणि पर काढायला सांगा आणि पोटाकडून उभी चीर द्यायला सांगा, पण पाठ अखंड राहू द्या, म्हणजे मासा सपाट उघडतो. मधला काटा हॉटेलात काढतात. आमच्या घरी ठेवतो. नीट तळला की तो चावून खाता येतो, आणि काटा असला की मासा उलटतानाही धरून राहतो.

घरी आल्यावर एकदाच धुवा. ८ बोंबलांना अर्धा चमचा मीठ चोळून चाळणीत १० मिनिटं तिरके ठेवा. खाली किती पाणी जमतं ते बघा, म्हणजे पुढची खटपट का करायची ते पटेल. मग ताटात जुन्या सुती धोतराची किंवा साडीची घडी घाला, त्यावर बोंबील उघडून एकमेकांवर न येता मांडा, वर दुसरी घडी, त्यावर दुसरं सपाट ताट आणि त्यावर वजन. सासूबाई पाटा ठेवायच्या. आता पाटा फार घरांत नसतो, तर कुकरमध्ये पाणी भरून ठेवा. वजन सगळीकडे सारखं पडायला हवं. एकदम फार जड ठेवलं तर मांस फाटतं. हे सगळं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ३ ते ४ तास राहू द्या, आणि मध्ये एकदा कापड बदला. रविवारी दुपारी जेवायचं असेल तर शनिवारी रात्रीच दाबून ठेवते, ते सगळ्यात छान होतात. मुंबईच्या दमट हवेत मासा ओट्यावर तासन्‌तास ठेवू नका. वर्सोवा, उत्तनच्या किनाऱ्यावर वलांडीवर, म्हणजे बांबूच्या उभ्या-आडव्या मांडवावर, जोडीजोडीने टांगून बोंबील वाळवतात, तेव्हा ऊन आणि वारा हेच काम करतात. आपण ते वजनाने करतो.

आता मसाला. ६-७ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, २ हिरव्या मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर, पाण्याचा थेंबही न घालता वाटायचं. एवढा वेळ पाणी काढलं, आता वाटणातून परत कशाला घालायचं? त्यात अर्धा चमचा हळद, दीड-दोन चमचे घरचा मसाला, आणि चमचाभर आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला घट्ट रस. आगळात मीठ असतं आणि माशालाही आधी लावलेलं आहे, म्हणून वाटण चाखूनच मीठ ठरवा. बोंबलांना दोन्हीकडून लावून २० मिनिटं ठेवा, जास्त नको. लाल रंग घालू नका. चांगल्या बोंबलाला त्याची गरज नसते.

पिठासाठी अर्धी वाटी तांदळाचं पीठ आणि २ चमचे बारीक रवा. नुसता रवा सुटून तेलात पडतो आणि जळतो, पिठामुळे तो धरून राहतो. पीठ लावून मासे मांडून ठेवू नका, एकेक लावा आणि तव्यावर सोडा.

बिडाचा तवा असेल तर तोच काढा. तेलात हात आखडू नका, तळ पूर्ण झाकला पाहिजे. तेल तापलं की गॅस मध्यम करा आणि एका वेळी ३-४ बोंबीलच टाका, गर्दी झाली की वाफ धरते. मग हात लावू नका. कान द्या. सुरुवातीला जोरात चर्र आवाज येतो, तो हळूहळू बारीक होतो. आवाज उतरला की त्या बाजूचं पाणी संपलं, आता कालथा घाला. आधी घातलात तर कवच तव्याला आणि मांस कालथ्याला. प्रत्येक बाजूला साधारण ४ मिनिटं. उतरवून जाळीवर ठेवा. कागदावर ठेवले की खालून वाफेने मऊ पडतात.

तांदळाची भाकरी आधी करून ठेवा, सोलकढीही. बोंबील कोणासाठी थांबत नाही. घरच्यांना आधी पाटावर बसवायचं आणि तव्यावरून थेट ताटात वाढायचं.

१ जूनपासून यांत्रिक बोटी बंद होतात. तेव्हा बर्फातल्या बोंबलावर मी ही मेहनत करत नाही, सुके बोंबील भाजून कांदा-चिंचेत परतते. आणि दाबताना जे तुटले, त्यांचं त्याच रात्री आंबट कालवण करा: वाटण तेच, थोडी चिंच, मासे शेवटी सोडायचे, ५ मिनिटांत गॅस बंद. चमच्याने ढवळू नका, भांडंच दोन्ही हातांनी धरून हलवा.