ज्यो मार्च वाचताना या चुका टाळा

मेग, ज्यो, बेथ आणि ॲमी या चार मार्च बहिणींची 'लिटल विमेन' ही कादंबरी वाचलेल्या कुणाशीही गप्पा मारा, दहा मिनिटांत गाडी एकाच प्रश्नावर येते: लेखिका होऊ पाहणाऱ्या ज्योनं शेजारच्या लॉरीला लग्नाला नकार का दिला? आमच्या वाचनगटात तर दर खेपेला हेच होतं. मग ज्यो लिहिते कशी, कुणासाठी लिहिते, त्याचे पैसे किती येतात आणि जातात कुठे, हे सगळं बाजूलाच राहतं. पुस्तक मात्र यावरच उभं आहे. आपल्याकडे शांता शेळक्यांच्या 'चौघीजणी' या अनुवादामुळे ज्यो कितीतरी घरांत पोचली. तिला लेखिका म्हणून नीट भेटायचं असेल तर पुढच्या चुका टाळा.

अर्धंच पुस्तक वाचून मत बनवणं

लुइझा मे अल्कॉटनं पहिला भाग १८६८ मध्ये आणला आणि दुसरा १८६९ मध्ये. पहिला भाग मेगचं लग्न ठरतं तिथे संपतो. लेखिका ज्यो खऱ्या अर्थानं भेटते ती दुसऱ्या भागात. ब्रिटनमध्ये तो भाग 'गुड वाइव्ह्ज' या वेगळ्या नावानं निघाला, त्यामुळे काहींच्या हाती नुसता पहिलाच भाग असतो. आधी प्रकरणं मोजा. पहिल्या भागात २३ आणि दुसऱ्यात २४, अशी ४७ भरली पाहिजेत. कमी भरली तर तुमची प्रत अर्धी किंवा संक्षिप्त आहे.

इंग्रजीत वाचत असाल तर आणखी एक गोष्ट तपासा. १८८० च्या आवृत्तीत मजकुरावर बराच हात फिरवला गेला. ज्यो लॉरीचं वर्णन करते ते वाक्य काढा. मूळ मजकुरात त्याचं नाक 'लांब' आहे आणि तो ज्योच्याच उंचीचा आहे. नंतरच्या मजकुरात नाक 'देखणं' झालंय आणि तो तिच्याहून उंच झालाय. आईही आधी स्थूल, दिसायला साधीसुधी होती, ती उंच आणि भारदस्त झाली. बोलीतला खडबडीतपणाही पुसला गेला. दोन्हींपैकी मिळाली तर जुनीच घ्या, असं मी आग्रहानं सांगेन.

ज्यो म्हणजेच लुइझा, असं धरून चालणं

साम्य भरपूर आहे, म्हणूनच घोटाळा होतो. कादंबरीत युद्धावर जातात ते वडील. प्रत्यक्षात अमेरिकेच्या यादवी युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला लुइझा स्वतः गेली होती, १८६२ च्या अखेरीस. तिथेच तिला टायफॉइड झाला आणि त्या आजारपणात तिचे लांबसडक केस कापावे लागले. ज्यो मात्र आपले केस २५ डॉलरला विकून ते पैसे आईच्या हातात ठेवते. जे लुइझाकडून हिरावलं गेलं, ते ज्यो आपणहून देते. कादंबरीकार अनुभवाचं काय करते हे या एका प्रसंगात दिसतं, पण दोघींना एकच मानलं की ते निसटतं.

लग्नाचंही तसंच. लुइझानं लग्न केलं नाही. ज्योनंही अविवाहित लेखिकाच राहायला हवं होतं, असं तिनं एका पत्रात लिहिलंय. वाचक मुलींनी लग्नासाठी लकडा लावला तेव्हा लॉरी सोडून, ज्योला न्यूयॉर्कमध्ये भेटणाऱ्या प्रोफेसर भेअरशी तिचं जमवलं, तेही थोडं हट्टानंच. शेवट पचत नाही अशी तुमची तक्रार असेल, तर त्याचं एक कारण हे आहे.

नकाराचा प्रसंग घाईनं वाचणं

पस्तिसावं प्रकरण पुन्हा उघडा. लॉरीला नाही म्हणताना ज्यो बरीच कारणं देते: दोघांचेही स्वभाव तापट, तिला उच्चभ्रू समाजात वावरणं जमायचं नाही. त्या ओघातच ती म्हणते की माझं हे खरडणं तुला आवडणार नाही आणि मला तर त्याशिवाय राहवणार नाही. ही ओळ फार जण डोळ्यांखालून घालतात आणि पुढे जातात. मीही कितीतरी वर्षं तेच केलं. आपल्याला आवडणाऱ्या, श्रीमंत, देखण्या मुलाला नकार देताना एक मुलगी आपलं लेखन कारण म्हणून पुढे ठेवते, आणि हे १८६९ सालच्या पुस्तकात आहे. इथे थांबायलाच हवं.

पैशाच्या ओळी गाळणं

पेन्सिल घेऊन बसा आणि ज्योची मिळकत समासात मांडत जा. पहिली गोष्ट छापून येते तेव्हा हाती काहीच येत नाही, कारण ते वर्तमानपत्र नवख्यांना मोबदला देत नाही. मग एका सनसनाटी गोष्टीला १०० डॉलरचं बक्षीस मिळतं आणि त्यातून बेथ आणि आई समुद्रकाठी हवापालटाला जातात. पुढच्या एका गोष्टीतून खाटकाचं बिल भागतं, दुसरीतून नवा गालिचा येतो, तिसरीतून वाणसामान आणि कपडे. अल्कॉट हे गोष्टींच्या नावांसकट सांगते.

कादंबरीचे मिळतात ३००, पण अट अशी की एक तृतीयांश मजकूर कापायचा आणि तिला स्वतःला आवडलेले भाग नेमके काढायचे. घरात प्रत्येकाचं मत वेगळं. ती सगळ्यांचंच ऐकते आणि कुणाचंच समाधान होत नाही. म्हातारा आणि त्याचं गाढव ही आपल्याला शाळेपासून माहीत असलेली गोष्ट अल्कॉटनं इथेच आठवलीय. छापून आल्यावर परीक्षणंही एकमेकांच्या विरुद्ध. लिहिणाऱ्या प्रत्येकानं सत्ताविसावं प्रकरण जवळ ठेवावं. शाई पुसायला काळा लोकरी एप्रन आणि लाल बो लावलेली टोपी घालून ज्यो बसते तीही याच प्रकरणात. टोपी डोक्यावर कशी बसलीय हे पाहून घरचे ठरवतात, आत्ता हिच्याशी बोलावं की नाही.

भेअरनं गोष्टी जाळायला लावल्या, असं सांगणं

ही चूक सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि ती दोघांवरही अन्याय करते. न्यूयॉर्कमध्ये ज्यो एका साप्ताहिकाला नाव न देता थरारक गोष्टी देत असते. संपादक एका गोष्टीचे २५ ते ३० डॉलर देतो आणि तिनं घातलेला बोध तेवढा कापून टाकतो. भेअरच्या हाती असल्याच एका छापील कागदाची टोपी येते. तो अशा मजकुरावर चिडून बोलतो आणि तो कागद चुरगाळून विस्तवात टाकतो. तिच्या लेखनाचं नावही काढत नाही, मनात शंका आलेली असली तरी. ज्यो खोलीत जाते, आपल्या गोष्टी त्याच्या नजरेनं पुन्हा वाचते आणि तीन महिन्यांचं काम स्वतःच्या हातानं शेगडीत कोंबते. मिळालेल्या पैशांचं काय करायचं हा प्रश्न तिला पडतोच, आणि सदसद्विवेक नसता तर किती सोयीचं झालं असतं असंही ती म्हणते.

पहिल्या भागात ॲमीनं रागाच्या भरात तिची हस्तलिखित वही जाळली होती. तो प्रसंग यासमोर ठेवून वाचा. एकदा लेखन दुसऱ्यानं जाळलं, एकदा तिनं स्वतः. दुसरी आग मला जास्त जिव्हारी लागते. खुद्द अल्कॉटनं तशाच थरारक कथा लिहिल्या, ए. एम. बर्नार्ड या टोपणनावानंही. ते नाव तिचं होतं हे लोकांना १९४३ मध्ये कळलं. ज्योच्या कथांची राख झाली, लुइझाच्या उरल्या आणि आज छापील मिळतात. त्यातलीच 'बिहाइंड अ मास्क' वाचून मग हे प्रकरण पुन्हा वाचा.

चित्रपटाचा शेवट पुस्तकाचा समजणं

या कादंबरीवरच्या २०१९ च्या चित्रपटात ज्यो प्रकाशकाशी टक्केवारीवर घासाघीस करते, हक्क स्वतःकडे ठेवते आणि लग्नाचा शेवट त्याच्या आग्रहाखातर लिहिते. कादंबरीत यातलं काही नाही. हक्क स्वतःकडे ठेवले ते लुइझानं.

लग्नानंतर ज्यो लिहायची थांबली, असं समजणं

शेवटच्या प्रकरणात मुलांच्या शाळेच्या गडबडीतही ती म्हणते की चांगलं पुस्तक लिहायची आशा मी सोडलेली नाही, पण मी थांबू शकते. पुढे काय झालं ते अल्कॉटच्याच 'जोज बॉइज'मध्ये आहे, ज्योची पुढची गोष्ट सांगणारं १८८६ सालचं पुस्तक. घरात पैशाची चणचण आणि ज्यो आजारी, अशा दिवसांत ती पुन्हा लेखणी उचलते. ते पुस्तक गाजतं आणि मग दाराशी सही मागणाऱ्यांची, वार्ताहरांची रीघ लागते. दार बंद ठेवून, कुणाच्या नजरेस न पडता लिहायला बसता यावं म्हणून तिची जी धडपड चालते, ती जरूर वाचा.